जुन्या जहाजबांधणी गोदीचा पुनर्विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंद पडलेल्या गोदीच्या जागी घरे, कचेऱ्या, दुकाने आणि बागा असलेली वस्ती उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला की सुरुवातीची चर्चा इमारतींच्या उंचीवर आणि दर्शनी रूपावर होते. अशा प्रकल्पाचे भवितव्य मात्र माती, धक्क्याची भिंत, भरतीची पातळी आणि त्या जागेत राबलेली माणसे या सहसा न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरते, असे आमचे ठाम मत आहे. म्हणून पुढील उत्तरांत इमारतींआधी जमिनीचा विचार केला आहे.

एवढ्या मोठ्या गोद्या बंद का पडल्या?

जहाजे मोठी होत गेली आणि जुन्या गोद्या त्यांना पुरेनाशा झाल्या. रिव्हेट ठोकून पत्रे जोडण्याची पद्धत मागे पडून वेल्डिंग आले, जहाजाचे प्रचंड खंड स्वतंत्रपणे तयार करून शेवटी एकत्र जोडण्याची रीत रूढ झाली आणि त्यासाठी लागणारी सपाट, विस्तीर्ण जागा शहराच्या पोटात मिळणे अशक्य झाले. त्यातच १९७३ च्या तेलसंकटानंतर तेलवाहू जहाजांची मागणी कोसळली, आणि तोवर जपानने या व्यवसायाचा मोठा वाटा आपल्याकडे खेचला होता; पाठोपाठ दक्षिण कोरियानेही तेच केले. ऑस्लोची आकेर गोदी १९८२ साली, डेन्मार्कमधील हेल्सिंगोरची १९८३ साली आणि फ्रान्समधील नांतची १९८७ साली बंद झाली. अ‍ॅम्स्टरडॅमच्या एनडीएसएम गोदीचे दिवाळे १९८४ साली निघाले. नौदलाच्या गोद्यांची कारणे निराळी होती. तेथे संरक्षण खर्चातील कपात आणि बदललेली युद्धनीती यांनी निर्णय केला.

‘मिश्र वापर’ म्हणजे नेमके काय?

एकाच परिसरात राहणे, काम करणे, खरेदी, शिक्षण आणि विरंगुळा यांची सोय असणे म्हणजे मिश्र वापर. प्रस्ताव वाचताना एक खबरदारी घ्यावी. वीस निवासी मनोऱ्यांच्या पायाशी चार दुकाने ठेवली तरी नकाशावर ‘मिश्र वापर’ असे लिहिता येते. सकाळी कामाला येणारी, दुपारी तेथेच शिकणारी आणि रात्री तेथेच झोपणारी माणसे किती असतील, याचा हिशोब मागितल्याशिवाय या शब्दावर विसंबू नये.

कामाची सुरुवात कोठून होते?

मातीपासून होते. गोदीची जमीन बहुधा मूळची जमीन नसते. ती भराव घालून तयार केलेली असते, आणि त्या भरावात काय काय गेले याची नोंद क्वचितच सापडते. तपासणीसाठी जमिनीत नळी घालून मातीचा जो उभा नमुना बाहेर काढतात, त्यात गोदीचा सारा इतिहास थराथराने दिसतो. वर काँक्रीटचा चुरा असतो, त्याखाली भट्टीची काळी राख, मग गंजाने तांबूस झालेली वाळू, मधेच डिझेलचा वास येणारा चिकट पट्टा, आणि अगदी तळाशी भराव घालण्यापूर्वीच्या किनाऱ्याचा करडा गाळ, ज्यात शिंपल्यांचे तुकडे अजून शाबूत असतात.

यातील विषारी द्रव्ये गोदीतील कामांतूनच आलेली असतात. जहाजाच्या रंगात शिसे होते. बाष्पित्रे (बॉयलर) आणि नळ यांच्याभोवती अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळले जाई. जुन्या विद्युत उपकरणांत पीसीबी नावाची दीर्घकाळ टिकणारी रसायने असत. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन असलेला रंग लावला जात असे. त्याच्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला, परंतु बुडावरून खरवडलेला रंग धक्क्याजवळच्या गाळात आजही पडून असतो. म्हणून तपासणी केवळ जमिनीची करून भागत नाही, पाण्याखालच्या गाळाचीही करावी लागते.

उपाय मुख्यतः दोन आहेत. दूषित माती खोदून सुरक्षित जागी नेणे हा एक, आणि ती जागच्या जागी ठेवून तिच्यावर स्वच्छ मातीचा किंवा काँक्रीटचा जाड थर घालणे हा दुसरा. दुसरा मार्ग स्वस्त असल्यामुळे तोच अधिक वापरला जातो आणि नीट केला तर तो वाईटही नाही. मात्र तो कायमचा पहारा मागतो. झाकलेल्या जागी पुढे कोणी नळ टाकण्यासाठी चर खणला, झाड लावले किंवा तळघर काढले तर सगळे केलेले वाया जाते. त्या थराची देखभाल पन्नास वर्षांनी कोण करणार आणि त्याचा खर्च कोणत्या निधीतून होणार, हे करारातच लिहिलेले असले पाहिजे.

जागा स्वच्छ झाली आहे, यावर विश्वास कसा ठेवायचा?

तपासणी करणारा स्वतंत्र असेल आणि सर्व आकडे लोकांसमोर असतील तरच ठेवावा. हे आम्ही इतक्या स्पष्टपणे लिहितो याला कारण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट येथील नौदल गोदीत, १९४६ साली प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावरील अणुचाचण्यांत वापरलेली जहाजे शुद्धीकरणासाठी आणली गेली होती आणि नौदलाची किरणोत्सर्गविषयक प्रयोगशाळाही तेथेच होती. १९८९ साली ही जागा अमेरिकेतील अतिदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत घालण्यात आली. पुढे शुद्धीकरण चालू असताना कंत्राटदाराच्या दोन पर्यवेक्षकांनी मातीच्या तपासणीत खोटेपणा केल्याचे न्यायालयात कबूल केले. संशयित जागेतील नमुन्यांऐवजी स्वच्छ माती पाठवली जात होती. २०१८ साली दोघांना कारावासाची शिक्षा झाली आणि पुष्कळशी तपासणी नव्याने करण्याची वेळ आली. त्या वेळी गोदीतल्या टेकडीवरच्या नव्या घरांत कुटुंबे राहायला आली होती. त्या कुटुंबांच्या मनःस्थितीचा विचार केला की दुसऱ्या, त्रयस्थ प्रयोगशाळेवरचा खर्च अनावश्यक वाटत नाही.

धक्क्याची भिंत पाहायला भक्कम दिसते. तरी तिच्यावर एवढा खर्च का?

कारण तिचा कमकुवत भाग पाण्याखाली असतो. पोलादी पत्र्यांच्या भिंतीला सर्वाधिक धोका सर्वात खालच्या ओहोटीच्या रेषेलगत असतो. तेथे सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे गंज फार वेगाने चढतो, पत्र्याला भोके पडतात, आणि मागचा भराव प्रत्येक ओहोटीबरोबर थोडा थोडा बाहेर वाहून जातो. वर फरसबंदी जशीच्या तशी असते, खाली पोकळी वाढत असते, आणि एके दिवशी फरशी खचते.

लाकडी खांबांची गोष्ट निराळी आहे. कायम पाण्याखाली राहिलेले लाकूड फार काळ टिकते, कारण कुजवणाऱ्या बुरशीला तेथे हवा मिळत नाही. परंतु खाऱ्या पाण्यात शिंपल्यांच्याच कुळातला एक कृमीसारखा प्राणी लाकूड आतून पोखरतो, आणि बाहेरून खांब धडधाकट दिसत असताना आत चाळणी झालेली असते. न्यूयॉर्कच्या बंदरात पाणी घाण होते तोवर हा प्राणी फारसा जगत नव्हता. पाणी स्वच्छ होऊ लागल्यावर तो परतला आणि जुन्या धक्क्यांच्या खांबांचा प्रश्न उभा राहिला. पाणी स्वच्छ करणे हे कर्तव्यच आहे, पण त्याचा हिशोब धक्क्याच्या अंदाजपत्रकात धरावा लागतो.

पाणबुड्यांनी केलेली पाहणी आणि पत्र्याच्या जाडीची मोजणी हाती नसताना मांडलेले कोणतेही अंदाजपत्रक आम्ही विश्वासार्ह मानत नाही.

समुद्राची पातळी वाढणार असेल तर काठावर घरे बांधावीत का?

बांधता येतात, मात्र किती काळासाठी बांधतो आहोत हे प्रामाणिकपणे ठरवून. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे ०.२० मीटर वाढली. १९९५ ते २०१४ या काळाच्या तुलनेत २१०० सालापर्यंत ती अत्यल्प उत्सर्जन झाल्यास ०.२८ ते ०.५५ मीटर आणि अतिउच्च उत्सर्जन झाल्यास ०.६३ ते १.०१ मीटर वाढण्याची शक्यता आहे. गोदीचा भराव स्वतःच्या वजनाने खचत असेल तर ते खचणे यात मिळवावे लागते.

नव्या इमारतींसाठी जमीन उंच करणे हा सरळ मार्ग आहे. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीत, जी गोदीपेक्षा बंदराची जुनी जागा होती, नव्या इमारती समुद्रपातळीपासून सुमारे ८ ते ९ मीटर उंचीच्या जोत्यांवर उभ्या केल्या आहेत आणि काठावरची पायवाट मुद्दाम खाली ठेवली आहे, म्हणजे पुराच्या दिवशी ती बुडते आणि एरवी माणसे पाण्याजवळ चालतात. जुन्या इमारतींचे काय, हा अधिक कठीण प्रश्न आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ७० या गोदीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बारा क्रमांकाची विशाल शेड जॅक लावून सुमारे १० फूट उचलण्यात आली, आणि मग तिच्याखाली नवा पाया घालण्यात आला. काचेच्या उंच खिडक्या आणि पोलादी सांगाडा असलेली शेड अशी अधांतरी धरून ठेवणे महागडे काम आहे. परंतु आधी जमीन उंच करून शेड खड्ड्यात सोडून दिली असती, तर पहिल्याच मोठ्या पावसात ते राखणे निरर्थक ठरले असते.

कोणत्या वास्तू राखाव्यात आणि कोणत्या पाडाव्यात?

साधारणतः देखण्या इमारतींचे रक्षण आपोआप होते. मुख्य कचेरी, घड्याळाचा मनोरा, विटांचे नक्षीकाम केलेले दर्शनी भाग यांना आश्रयदाते मिळतात. उपेक्षा होते ती कामाच्या वास्तूंची: जहाजाच्या फासळ्यांचे पूर्णाकृती आराखडे जमिनीवर आखण्याचे दालन, पत्रे वाकवण्याच्या भट्ट्या, जलावतरणाचा उतार, याऱ्यांचे (क्रेनचे) रूळ. आमच्या मते गोदीची ओळख याच वास्तूंत असते, कारण त्यांच्या मापावरून तेथे काय घडत होते ते कळते. धक्क्याच्या दगडी कडेवर दोर घासून पडलेल्या खाचा बोटभर खोल असतात. त्या बुजवून नवी ग्रॅनाइटची पट्टी बसवली तर जागा नीटनेटकी दिसते आणि मुकी होते.

याऱ्यांचा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा असतो, कारण त्या साऱ्या शहरातून दिसतात. स्वीडनमधील माल्मो येथील कोकुम्स गोदीची १३८ मीटर उंचीची यारी २००२ साली दक्षिण कोरियातील कंपनीला अवघ्या एका डॉलरला विकली गेली आणि उल्सान येथे नेण्यात आली. ती जहाजावर चढून निघताना अनेक माल्मोवासी काठावर जमले होते, आणि उल्सानमध्ये तिला ‘माल्मोचे अश्रू’ असे नाव मिळाले. याउलट उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टने सॅमसन आणि गोलायथ या दोन पिवळ्या याऱ्या कायदेशीर संरक्षण देऊन राखल्या आहेत. आता शहराचे चित्र त्यांच्याशिवाय काढताच येत नाही. यारी राखायची तर रंगकाम आणि गंजप्रतिबंध यांचा खर्च कायमचा असतो, हे खरे आहे. पण तो खर्च किती, हे मोजून मगच निर्णय घ्यावा.

नवा वापर जुन्या सांगाड्याचा मान राखूनही करता येतो. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एनडीएसएम गोदीच्या परिसरात १९५२ सालचा, २७० मीटर लांबीचा यारीचा काँक्रीट मार्ग होता. तो पाडण्याऐवजी २००७ साली त्याच्यावरच काचेची तीन मजली कचेरी अलगद बसवण्यात आली. मूळ काँक्रीट किती वजन पेलेल हे मोजून वरची इमारत मुद्दाम हलकी केली गेली.

सुकी गोदी बुजवून तिच्यावर बांधकाम का करू नये?

सुकी गोदी (ड्राय डॉक), म्हणजे जहाज आत घेऊन पाणी उपसून टाकता येते अशी खोल गोदी, रिकामी असताना जमिनीत रुतलेल्या होडीसारखी वागते. आजूबाजूचे भूजल तिला सतत वर उचलू पाहते, आणि तिचे स्वतःचे वजन तिला खाली धरून ठेवते. म्हणून ती कोरडी ठेवणे हेही काम आहे आणि बुजवणे हेही सोपे नाही. पण बुजवण्यास आमचा विरोध मुख्यतः निराळ्या कारणासाठी आहे: शहरात इतकी भव्य खोली पुन्हा कोणी खोदणार नाही. हेल्सिंगोरमध्ये शेजारीच क्रोनबोर्गचा किल्ला असल्याने जमिनीवर उंच बांधकाम करता येत नव्हते. तेव्हा सागरी संग्रहालयाची दालने गोदीच्या भिंतींबाहेर, जमिनीखाली वेढा घालून बांधली आणि मधली गोदी मोकळी ठेवली. २०१३ साली उघडलेल्या त्या संग्रहालयात तिरक्या पुलावरून गोदी ओलांडताना पाहणाऱ्याला जहाजाच्या आकाराची पोकळी प्रत्यक्ष जाणवते.

पाण्याचा काठ सर्वांसाठी खुला राहील का?

राहिलाच पाहिजे, आणि ते आश्वासनावर सोडू नये. काठाची पट्टी सार्वजनिक मालकीची ठेवून बाकीची जमीन विकणे किंवा भाडेपट्ट्याने देणे, हा सर्वात खात्रीचा मार्ग आहे. कॅलिफोर्नियात भरतीच्या पट्ट्यातील जमीन जनतेसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली मानली जाते आणि तेथे सर्वसाधारणपणे घरे बांधता येत नाहीत; पिअर ७० साठी राज्याला वेगळा कायदा करून कोणता भाग या बंधनातून मुक्त आणि कोणता बद्ध, हे ठरवावे लागले. मालकी खासगी असेल, तर चोवीस तास प्रवेश, बसायला फुकट बाके, आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या यांची नोंद जमिनीच्या दस्तातच हवी.

काठावर फार वारा असतो. तेथे माणसे बसतील का?

माल्मोच्या पश्चिम बंदरात २००१ च्या गृहप्रदर्शनाच्या निमित्ताने उभारलेली वस्ती याचे उत्तर देते. समुद्राकडे उंच इमारतींची रांग आहे, तिच्यामागे बुटकी घरे आहेत आणि गल्ल्या मुद्दाम थोड्या तिरक्या ठेवल्या आहेत, त्यामुळे वारा आत सरळ घुसत नाही. बाहेरच्या बाजूला लाकडी पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात तेथे पोहणाऱ्यांची गर्दी होते.

सामान्य माणसाला तेथे घर परवडेल का?

नियम केला तर परवडेल, केवळ बाजारावर सोडले तर नाही. पिअर ७० च्या बाबतीत इमारतींची उंचीमर्यादा ४० फुटांवरून ९० फुटांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव २०१४ साली शहराच्या मतदारांपुढे ठेवला गेला, आणि त्या सवलतीच्या बदल्यात ३० टक्के घरे परवडणारी असतील हेही त्यात लिहिले होते. मतदारांनी तो मोठ्या बहुमताने मान्य केला. उंची हवी असेल तर मोबदल्यात काय देणार, हा प्रश्न विकासकाला परवानगीपूर्वी विचारायचा असतो. परवानगी मिळाल्यावर तो विचारण्याची ताकद शहराकडे उरत नाही. परवडणारी घरे पहिल्या टप्प्यात आहेत की शेवटच्या, हेही पाहावे, कारण बाजार मंदावला की शेवटचा टप्पाच लांबणीवर पडतो.

यासाठी पैसा कोठून येतो?

सुरुवातीचा खर्च, म्हणजे शुद्धीकरण, धक्का, रस्ते आणि गटारे, हा जवळजवळ नेहमी सार्वजनिक निधीतून किंवा भविष्यात वाढणाऱ्या मालमत्ताकराच्या भरवशावर काढलेल्या कर्जातून होतो. अमेरिकेत नोंद झालेल्या वारसा वास्तूच्या दुरुस्तीखर्चावर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, आणि पुष्कळशा जुन्या शेड तेवढ्यामुळेच वाचल्या आहेत. खर्च जनतेने केला असेल तर जमिनीच्या वाढलेल्या किमतीतही जनतेचा वाटा असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे सगळे पूर्ण व्हायला किती वर्षे लागतात, आणि तोवर जागेचे काय करायचे?

वीस ते चाळीस वर्षे धरावीत. त्याहून लवकर होण्याचे आश्वासन ऐकल्यास कोणते काम वगळले आहे ते शोधावे. मधल्या काळात कुंपण घालून जागा बंद ठेवणे ही मोठी चूक आहे. एनडीएसएमच्या सुमारे २०,००० चौरस मीटरच्या शेडमध्ये कलाकार आणि कारागीर आले, त्यांनी आत स्वतःच्या हातांनी कार्यशाळांची गल्लीबोळे उभी केली आणि ओस पडलेल्या जागेकडे शहराचे पाय वळले. पुढे जमिनीचे भाव वाढले. ज्यांनी जागेत जीव आणला त्यांनाच भाडे परवडेनासे होऊ नये म्हणून अशा तात्पुरत्या भाडेकरूंना प्रकल्पाच्या अंतिम आराखड्यातही जागा राखून ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.

वाहतुकीचेही याच काळात सुरू करावे. गोदीला शहराकडे पाठ करून बसण्याची सवय असते: एक बाजू पाण्याची, तीन बाजू भिंतींच्या. अ‍ॅम्स्टरडॅम आणि स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पाण्यापार जाणाऱ्या फुकट बोटींनी ही अडचण नव्या पुलाची वाट न पाहता दूर केली.

येथे काम केलेल्या लोकांचे काय?

त्यांच्याशी सर्वात आधी बोलावे, कारण त्यांचे वय वाढत आहे. कोणत्या कोपऱ्यात तेल ओतले जाई, कोणता नळ नकाशात नाही, कोठे अपघात झाला होता, हे त्यांना ठाऊक असते, आणि ही माहिती भावनिक मोलाइतकीच तांत्रिक मोलाची असते. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग धूळ श्वासात गेल्यानंतर कित्येक दशकांनी उद्भवतो. म्हणजे गोदी बंद होऊन वस्ती उभी राहिली तरी तिचे कामगार अजून तिच्यामुळे आजारी पडत असतात. स्मृतिस्थळ उभारताना ही बाजू झाकू नये.

पोलंडमधील ग्दान्स्क येथे ऑगस्ट १९८० मधील ज्या संपातून सॉलिडॅरिटी ही कामगारांची चळवळ जन्मली, तो संप झालेल्या गोदीच्या प्रवेशद्वाराजवळ २०१४ साली गंजल्या रंगाच्या पोलादाचे मोठे केंद्र उघडले. केंद्र उत्तम आहे. पण आजूबाजूच्या अनेक शेड मात्र पाडल्या गेल्या. बेलफास्टमध्ये जलावतरणाच्या उतारांवर टायटॅनिक आणि ऑलिम्पिक या जहाजांच्या डेकचा पूर्णाकृती आराखडा जमिनीवर उमटवला आहे. त्यावरून चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ माहितीफलकापेक्षा अधिक सांगतो.

नव्या वस्तीशेजारी जहाजांचे काम चालू राहू शकते का?

राहू शकते, आणि शक्य असेल तेथे राहावे. अडचण आवाजाची असते. काम आधीपासून चालू असते, घरे नंतर येतात, आणि राहायला आलेले लोक पहिल्याच वर्षी तक्रारी करू लागतात. इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ पासून असे तत्त्व स्वीकारले आहे की बदल जो आणतो त्याने आवाजापासून बचावाचा खर्च सोसावा. म्हणजे जाड काचा बसवण्याची जबाबदारी घरे बांधणाऱ्याची आहे. फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत, जी १९९६ साली बंद झाली, एका भागात आजही व्यापारी जहाजे बांधली जातात आणि दुसऱ्या भागात कचेऱ्या आहेत. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या गोदीने तर घरे टाळून जागा मुख्यतः कारखानदारांना, कारागिरांना आणि इतर उद्योगांना दिली.

इंग्लंडमधील चॅटम येथे १९८४ साली नौदल निघून गेल्यावर गोदीचे तीन भाग करण्यात आले: एक व्यापारी बंदराला, एक घरांना आणि सर्वात जुना भाग विश्वस्त संस्थेला. त्या तिसऱ्या भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली, सुमारे पाव मैल लांबीची दोर वळण्याची इमारत आहे. धाग्यांचे पेड एका टोकाला अडकवून दुसऱ्या टोकापर्यंत ताणायचे, मग गाडा रुळावरून सरकत असताना पीळ भरत जातो आणि दोर आखूड होत येतो. हे काम तेथे अजून चालते, आणि तयार झालेला दोर विकला जातो.